नंदीचा आस

माझ्या कपाटावर एक लाकडी नंदी ठेवलेला आहे. वीतभर उंच, काळपट तांबूस रंगाचा, एक शिंग टवका उडालेले. माझ्या धाकट्या भावाचा हा तान्ह्या पोळ्याचा नंदी. भाऊ गेल्यावर वहिनीने तो माझ्याकडे दिला. त्याचे पुढचे एक चाक कधीतरी हरवले, म्हणून तो थोडा पुढे वाकून उभा असतो. घरी येणारी लहान मुले त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, "आजी, हा कोणी बनवला?"

मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, त्यातली बरीचशी इतिहास. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर मला कित्येक वर्षे देता येत नव्हते. "गावच्या वाढयाने" एवढेच म्हणायची. ते उत्तर का येत नव्हते आणि शेवटी कसे मिळाले, ते आज लिहायचे आहे.

माझे गाव वडनेर. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, हिंगणघाटहून दक्षिणेला नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. हा रस्ता आता चौपदरी झाला आहे, पण माझ्या लहानपणी त्यावर मोटारींपेक्षा बंड्याच जास्त दिसत. (आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात.) माती काळी, पीक कापसाचे आणि ज्वारीचे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी इतका नावाजलेला होता की इंग्लंडच्या बाजारात तो 'हिंगणघाट' याच नावाने विकला जाई. भावाचा पहिला तान्हा पोळा 1956 सालचा. त्या पोळ्याला आम्ही मध्य प्रदेशात होतो, 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यात आलो आणि 1960 साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण गावाचे वर्ष होते तसेच फिरत राहिले.

गावाचे वर्ष म्हणजे काय, ते आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला एक ऋतू होता आणि प्रत्येक ऋतूला एक कारागीर.

पाडव्याला सालगड्यांचे साल ठरे. वैशाखात अक्षय तृतीयेला कुंभाराकडून नवे मडके येई. त्यात पाणी भरून पितरांच्या नावाने पूजा करायची आणि मगच घरात नव्या माठाचे गार पाणी प्यायचे. त्याच दिवसांत कवेलू फेरायचे काम निघे. माकडांनी आणि वाऱ्याने हललेली, फुटलेली कवेलू काढून नवी बसवायची. कुंभाराची भट्टी त्यासाठी आधीच लागलेली असे. उन्हाळ्यात घरातल्या बायका जुनी लुगडी एकावर एक घालून वाकळ शिवत आणि शेवया करत. मृगाच्या आधी वाढयाच्या आणि लोहाराच्या दारात गर्दी उसळे. कुणाचा वखर, कुणाची तिफन, कुणाचा डवरा. पाऊस कुणासाठी थांबत नाही, म्हणून लोहाराचा भाता तेव्हा रात्रीही चाले.

मग श्रावण संपता संपता पोळा.

पोळ्याच्या तयारीत गावातले सगळे हात गुंतलेले असत. वेसण, कासरा आणि दावी अंबाडीच्या दोराची. अंबाडी शेतातच पेरलेली असे. ती कापून, पेंढ्या बांधून नाल्याच्या पाण्यात दगडाखाली कुजत घालायची, मग सोलून वाळवायची आणि हिवाळाभर पारावर बसून म्हातारी माणसे दोर वळत. रंगवलेल्या अंबाडीच्या झुपकेदार चौऱ्या बैलांना बांधत. घुंगरांचे चामडी पट्टे चांभार करून देई. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचे आवतन त्यांच्या कानात सांगायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, कपाळावर मठाटी, पाठीवर झूल. संध्याकाळी गावाच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचे तोरण बांधत आणि जोड्या ओळीने उभ्या राहत. मोठी माणसे झडत्या म्हणत. कुणी देवाची, कुणी सावकाराला टोमणा मारणारी. तोरण तुटले की पोळा फुटला. मग बैल घरोघरी पूजेला येत आणि ते घेऊन येणाऱ्या सालगड्याच्या हातावर बोजारा पडे. आम्ही मुली तोरणाशी जात नसू. आम्हाला बैल दिसत ते दारात, ओवाळताना.

पहाटे दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटून मुले गावाबाहेर टाकून येत. रोगराई, इडापिडा त्यांच्याबरोबर घालवायची अशी समजूत. नागपुरात याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. आणि त्याच संध्याकाळी लहान मुलांचा, लाकडी नंदींचा तान्हा पोळा. ही विदर्भाची खास गोष्ट. आमच्याच जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा शंभराहून अधिक वर्षे मोठ्या थाटाने भरतो. तिथले नंदी माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारे. आमच्या वडनेरचे नंदी मात्र काखेत मावणारे. ज्या घरात मुलगा दोन वर्षांचा झाला त्या घरी वाढई पोळ्याआधी नंदी आणून देई. भावाचा नंदी आला तेव्हा मी सात वर्षांची होते. वाढयाने तो पडवीच्या पायरीवर ठेवला, आईने त्याला सूपभर ज्वारी घातली, आणि तो पायरीखालूनच परत गेला. हे चित्र मला लख्ख आठवते. त्याचे नाव मात्र आठवत नाही, कारण ते कुणी कधी घेतलेच नव्हते.

आम्हा मुलींना नंदी नसला तरी भुलाबाई होती. भाद्रपदी पौर्णिमेला कुंभाराकडून भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी येई, ती कोजागिरीपर्यंत महिनाभर कोनाड्यात बसे. रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा. त्याच धांड्यांच्या सालीचे आणि भेंडाचे आम्ही चष्मे करायचो, मुले बंड्या करायची. होळीच्या आधी शेणाच्या चाकोल्या थापून, मधोमध भोक पाडून, सुतळीत ओवून माळा करायच्या. धुळवडीचा रंग पळसाच्या फुलांचा. विकत घेण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आता म्हणेल, किती छान दिवस होते ते. मलाही तसेच म्हणायचा मोह होतो, पण मी थांबते. वाढई पायरीखालूनच परत गेला, हेही त्याच दिवसांत होते. बुरड सुपे, टोपली, धान्याची ढोली घेऊन यायचा आणि अंगणाच्या कडेला ठेवायचा. त्याची टोपली आमच्या देवघरातसुद्धा चालत, तो मात्र ओसरीवर चालत नसे. सुगी झाली की खळ्यावर या सगळ्यांना धान्य मिळे. मागून मिळे, शेवटी मिळे आणि देणाऱ्याच्या मनाने मिळे. पीक बुडाले तर शेतकऱ्याआधी यांच्या घरची चूल थंड पडे. गावाचे ते गोड वर्ष ज्यांच्या हातांवर फिरत होते, त्यांना त्या वर्षातून बाहेर पडायची सोय नव्हती. मालगुजारी 1951 साली गेली. ही जी पायरी होती, ती जायला फार वेळ लागला.

आणि हे सगळे घडत होते कुठे? तर वर्धा जिल्ह्यात. सगळ्या देशाला ग्रामोद्योग शिकवणाऱ्या जिल्ह्यात.

इतिहासाची शिक्षिका म्हणून हा भाग थोडा विस्ताराने सांगते. 1867 साली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. ती आमचा कापूस घेऊन गेली आणि परत येताना विलायती कापड घेऊन आली. हातमागावर पोट असलेल्या घरांची पहिली पडझड तेव्हाची. पुढे हिंगणघाटलाच कापडगिरण्या उभ्या राहिल्या. म्हणजे हातांच्या कामाचे मोडणे प्लास्टिकपासून सुरू झाले असे जे आपण समजतो, ते खरे नाही. ते शंभर वर्षे आधीच सुरू झाले होते.

ते थांबवावे म्हणून गांधीजींच्या पुढाकाराने डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर दिले, त्याला मगनलाल गांधींच्या नावावरून मगनवाडी नाव पडले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. हा माणूस हिशेबतपासनीस आणि अर्थशास्त्राचा अभ्यासक, विलायत-अमेरिकेत शिकलेला. त्याने घाणीचे तेल, हातकांडलेला तांदूळ, गूळ, हातकागद यांचा बारकाईने विचार केला. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते तिथे मगन संग्रहालय उघडले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यातून जी योजना आखली ती नई तालीम. तिचे सार असे की मुलाला हस्तव्यवसाय हा जोडीचा विषय म्हणून शिकवायचा नाही, तर हस्तव्यवसायातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्रामला ते वर्षानुवर्षे करून दाखवले.

सेवाग्राम आमच्या गावापासून तास-दीड तासाच्या वाटेवर. तिथून आमच्या शाळेपर्यंत काय पोचले? टकळी. आठवड्यातून ठरावीक तासांना आम्ही ओळीने बसून पेळूतून सूत काढत असू. सूत तुटे, गुरुजी रागावत, गुंडी मोजून वहीत नोंद होई. तपासणीच्या दिवशी टकळ्या पुसून ठेवत. त्याच वर्गात कुंभाराची मुलगी बसे, बुरडाचा मुलगा बसे. बुरडाचा मुलगा बांबूची कामटी डोळे मिटून एकसारखी चिरायचा. त्याला वर्गात कुणी म्हटले नाही, की बाबा रे, तू आम्हाला दाखव. त्याच्या टकळीचे सूत तुटते, म्हणून त्या विषयात त्याला कमी गुण पडत.

हे मी दुसऱ्यांचे दोष म्हणून सांगत नाही. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि तेच केले.

टकळी गेली होती आणि कार्यानुभव आला होता. मी मुलांकडून कागदाची फुले करून घ्यायची. साल असावे 1981 किंवा 82. सातवीच्या वर्गात मी दायमाबाद शिकवत होते. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी हे गाव. 1974 साली तिथे झाडाचे मूळ खणताना एका माणसाला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. मी एका साप्ताहिकातले चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. ते वर धरले तशी मुले ओरडली, "बाई, हा तं तान्ह्या पोळ्याचा!" वर्ग हसला. मीही हसले.

मागच्या ओळीत वाढयाचा मुलगा बसे. तो पोळ्याआधीचे पंधरा दिवस दरवर्षी गैरहजर राहायचा, कारण तेव्हा बापाला त्याचा हात लागे. त्यावरून मी त्याला दर वर्षी बोलायची. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, याचा आस चाकासंगं फिरे, का आस जागच्या जागी अन् नुसतं चाक फिरे?"

मी म्हटले, "हे परीक्षेत येत नाही. बस खाली."

तो बसला. मला त्या वेळी काहीच वाटले नाही. वर्षे गेली, मी निवृत्त झाले आणि वेळ मिळाला म्हणून वाचू लागले. एकदा जुन्या गाड्यांवरचा एक लेख वाचनात आला. सिंधमधल्या जुन्या बैलगाड्यांत चाक आसाला पक्के बसवलेले असते आणि आसच फिरतो, असे त्यात होते. हडप्पा संस्कृतीच्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्यांवरून त्या काळच्या खऱ्या गाड्या कशा चालत असतील, याचा अभ्यासक विचार करतात, हेही होते. वाचता वाचता मी चष्मा काढून ठेवला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने नेमका हाच प्रश्न मला विचारला होता. माझ्या छत्तीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने विचारलेला इतिहासाचा तो सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि मी त्याला खाली बसवले होते. ज्या शाळेची कल्पना वर्ध्यात मांडली गेली, ती शाळा त्या दिवशी माझ्या वर्गात दोन मिनिटांसाठी आली होती. मी तिला ओळखले नाही.

तो मुलगा दहावीपर्यंत पोचला नाही, हे मला माहीत होते. पुढे काय झाले ते माहीत नव्हते.

गावही तोवर बदलले होते. लोक म्हणतात, प्लास्टिकचे टोपले आणि नायलॉनचा दोर आला म्हणून जुने कारागीर बुडाले. ते आहेच. पण मला वाटते त्याहून खोल गोष्ट शेतात घडली. सोयाबीन आले, ज्वारी मागे पडली. ज्वारी गेली तसे धांडे गेले, कडबा गेला, खळे गेले. खळे गेले तसे खळ्यावरचे धान्यही गेले. अंबाडी पेरायला कडेची ओळ कुणी सोडेना, मग दोर वळायचा कशाचा? 2002 नंतर बीटी कापूस आला, बियाण्यापासून सगळेच विकतचे झाले. 2006 साली शेतकरी आत्महत्यांसाठी केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली, त्यात गांधींचा वर्धा जिल्हाही होता. नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि गोठे रिकामे होत गेले. आता पोळ्याच्या तोरणाखाली मोजक्या जोड्या उभ्या असतात. गंमत अशी की तान्हा पोळा मात्र वाढला आहे. शहरांतल्या वस्त्यांमधून स्पर्धा भरतात, वेशभूषेला बक्षिसे असतात, नंदी रंगीत आणि चकचकीत असतात. खरे बैल कमी होत आहेत आणि लाकडी वाढत आहेत.

पण कारागिरांची मुले कारागिरीतून बाहेर पडली, याचे मला दुःख नाही. कुंभाराची जी मुलगी माझ्याबरोबर टकळीला बसे, तिचा नातू इंजिनिअर आहे. कुठल्या तोंडाने मी म्हणू की त्याने चाकच फिरवायला हवे होते? दुःख याचे आहे की ते बाहेर पडले तेव्हा त्यांना असेच वाटत होते, की आपल्या घरात जे होते ते विद्या नव्हतीच. आणि तसे त्यांना वाटायला लावणाऱ्यांत मी होते.

दोन वर्षांपूर्वी हिंगणघाटला एका लग्नाला गेले होते. तिथे कळले की तो मुलगा, म्हणजे आता पंचावन्न वर्षांचा गृहस्थ, गावातच फर्निचरचे काम करतो. प्लायवूडची कपाटे, पलंग, दारे. पुढच्या खेपेला मी नंदी पिशवीत घालून घेऊन गेले. त्याने मला लगेच ओळखले, खुर्ची पुसून दिली, पाया पडला. मी म्हटले, "चाक बसवायचे आहे."

त्याने नंदी हातात घेतला, उलटा केला, पोटाखाली अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाई, हे बाबाचं काम नाही. आबाजीचं हाये."

"कशावरून?"

"आबाजी आस फिरता ठेवे. चाक पक्कं, आस फिरता. बाबानं पुढं आस पक्का केला अन् चाक मोकळं सोडलं." मग त्याने मला समजावून सांगितले. चाक मोकळे असले की नंदी वळायला सोपा, पण भोक झिजते आणि वर्ष-दोन वर्षांत चाक लटपटते. आस फिरता ठेवला की वळताना घासतो, पण पोरगा मोठा होईपर्यंत चाक ढिले होत नाही. त्यावरून बापलेकांत वाद होत असे. "म्हणून तवा तुम्हाले इचारलं होतं," तो हसून म्हणाला. "म्हटलं, इतक्या जुन्या मानसानं काय केलं असन, पाहू."

त्याला तो प्रश्न आठवत होता. मी त्याची माफी मागितली. तो एकदम अवघडला. "जाऊ द्या जी बाई, त्या वयातलं काय घेऊन बसता," म्हणत त्याने चहा मागवला. त्याने विषय बदलला, पण आठवत होता, हे दोघांनाही कळले होते.

चाक त्याने सागाच्या तुकड्याचे करून दिले. पैसे घेतले नाहीत, तेव्हा मी रागावले आणि मग घेतले. नवे चाक फिकट रंगाचे आहे, ते लगेच वेगळे दिसते. आस मात्र आबाजीच्या पद्धतीनेच, फिरता.

निघताना मी त्याला आजोबांचे नाव विचारले. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचे आहे. पण घरी आल्यावर काळ्या शाईने नंदीच्या पोटाखाली ते लिहून ठेवले आहे, खाली गाव वडनेर आणि साल 1956. आता घरी येणाऱ्या मुलांनी विचारले, की मी नंदी उलटा करते आणि त्यांनाच वाचायला सांगते.